बोटांचा अभ्यास

मला अभ्यास करता येत होता, हे आधी सांगून टाकते. नागपुरात एम. ए. करत होते तेव्हा परीक्षा जवळ आली की वर्गातल्या मुली माझ्या वह्या मागून न्यायच्या. समासात लाल पेन्सिलीने प्रश्न, उजवीकडे उत्तर, पानाच्या तळाशी सारांश. एकदा वाचलेलं मला पान कुठलं, ओळ कुठली यासकट आठवायचं. लग्न होऊन रायपूरला आले आणि एका खाजगी शाळेच्या ग्रंथालयात काम करू लागले, तेव्हाही दुपारभर वाचणं हेच काम होतं. त्यामुळे आयुष्यात कधी कुठल्या परीक्षेत मी नापास होईन, असं मला वाटलं नव्हतं. मी दोनदा झाले, आणि तेही वयाच्या बेचाळिसाव्या वर्षानंतर, ज्यात लक्षात ठेवायचं काहीही नसतं अशा परीक्षेत.

माझा नवरा सरकारी कार्यालयात होता. एका मंगळवारी तो जेवायला घरी आला, जेवला, ‘पाच मिनिटं पडतो’ म्हणाला आणि उठला नाही. पुढचे महिने मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं की कोणी तरी अर्ज लिहिला, मी सही केली, आणि त्याच्या जागी नव्हे पण त्याच कार्यालयात खालच्या पदावर मला नोकरी मिळाली. याला अनुकंपा नियुक्ती म्हणतात. आदेशाच्या शेवटी एक अट होती: ठरलेल्या मुदतीत हिंदी टायपिंगची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण होणं आवश्यक, अन्यथा नियुक्ती संपुष्टात येईल. मुदतीत परीक्षा तीनदा येत होती. घरात सासूबाई, अकरावीतली मुलगी आणि मी. पगार माझा एकटीचा. अट वाचून मला हायसं वाटलं होतं, हे आज सांगायला लाज वाटते. परीक्षाच ना, म्हटलं. परीक्षा मला येतात.

मी नेहमीसारखी सुरुवात केली. नवी वही आणली. कीबोर्डचा नकाशा काढला, डाव्या हाताच्या बोटांना निळा रंग, उजव्या हाताच्या बोटांना हिरवा. हिंदी टायपिंगच्या जुन्या मांडणीत ‘ख’ लिहायला दोन बटणं लागतात, आधी अर्धं अक्षर, मग काना. असं काय काय. मी ते सगळं पाठ केलं. ऑफिसच्या वाटेवर रिक्षात बसून मनातल्या मनात उजळणी करायची. कोणीही मध्येच विचारलं असतं की ‘भ’ कुठल्या बोटाने, तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं.

आणि कीबोर्डसमोर बसले की माझी बोटं बटणांवरून अशी फिरायची जशी एखादी बाई अनोळखी स्वयंपाकघरात मीठ शोधते.

पहिल्या परीक्षेत अर्धा उतारासुद्धा झाला नाही. निकाल यायच्या आधीच मला तो माहीत होता.

मग सल्ले सुरू झाले. नागपूरचे दीर रोज सकाळी मोबाइलवर एक चित्र पाठवू लागले: यशस्वी अभ्यासाच्या सात सवयी, यशस्वी अभ्यासाच्या नऊ सवयी. पहाटे उठा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. (हे मोबाइलवर.) पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती. बदाम भिजवून खा. रविवारी ते फोनच करायचे. “वहिनी, टाइमटेबल बनवलं का?” मी म्हणायचे, बनवलं. खरंच बनवलं होतं, तीन रंगांत, आणि ते फ्रिजवर लावलं होतं. “मग आता फक्त फॉलो करा.” त्यांचं मन चांगलं होतं, म्हणून मी फोन आपटला नाही. ऑफिसात जो तो म्हणायचा, “दीदी, हो जाएगा, टेंशन मत लो.” कसं हो जाएगा, हे कोणी सांगत नव्हतं. जगातले अभ्यासाचे सगळे सल्ले डोक्यासाठी आहेत. बोटांनी अभ्यास कसा करतात, हे एकानेही सांगितलं नाही, आणि मी चिडून मनातल्या मनात त्या सात अधिक नऊ सवयींची होळी करत बसायचे.

शेवटी ऑफिसातल्या एका बाईंनी तात्यापारा भागातल्या एका टायपिंग क्लासचा पत्ता दिला. गल्लीतलं जुनं घर, वर पत्र्याची पाटी, आत आठ कॉम्प्युटर, आणि भिंतीशी चादरीखाली झाकलेले जुने टाइपरायटर, मेलेल्यांसारखे. शिकवणारे सर कोर्टातून निवृत्त झालेले. ते आमच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसायचे आणि वर्तमानपत्र वाचायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे काय शिकवणार. पाच मिनिटांनी ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, “मैडम रुक गईं.”

खरंच थांबले होते मी. आठ कीबोर्डांच्या खडखडाटात त्यांना माझा एक थांबलेला ऐकू आला होता.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा थोड्या वेळाने: “मैडम फिर रुक गईं. और नीचे देख रही हैं.”

खाली बघतेय हे त्यांना पाठीमागून कसं कळलं, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं की घरी हात झाकून सराव करा, कापडाखाली. दिसलंच नाही तर बघणार काय.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या आयुष्यभर रेल्वेच्या क्वार्टरांत राहिलेल्या, मूळच्या अकोल्याकडच्या, बोलणं अजून तिकडचं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर कीबोर्डवर एक कापडी खोळ होती, वरून झालर, खाली दोन्ही हात घालायला जागा, मनगटाशी इलॅस्टिक. छान शिवलेली. निळ्या चौकड्यांची.

मी ते कापड ओळखलं. तेराव्यानंतर त्याचे सगळे कपडे देऊन टाकले होते. एक शर्ट त्यांनी ठेवून घेतला होता, आणि त्याबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो.

“आई, तुम्ही तो शर्ट काहून कापला?” माझा आवाज चढला. इतकी वर्षं त्यांच्याजवळ राहून मीही काहून म्हणू लागले होते.

“मंग त्याचं काय लोणचं घालू?” त्या म्हणाल्या. “पेटीत पडून होता. त्याच्या शर्टाले कापड लय लागे, तुह्या दोन्ही हाताले पुरलं. बस, कर टाइप.”

मी बसले. हात आत घातले. त्या दिवशी माझ्याकडून एक ओळही झाली नाही, पण ते खाली बघितल्यामुळे नव्हे.

खोळीने काम केलं मात्र. दोन महिन्यांत माझी बोटं जागा ओळखू लागली. आमच्या घरात भनपुरीच्या कारखान्यांकडून काळी धूळ येते, सकाळी पुसलेलं संध्याकाळी पुन्हा काळं. खोळीमुळे बटणंही स्वच्छ राहू लागली. वेग वाढला. आणि एका जागी येऊन थांबला. पाहिजे त्यापेक्षा मिनिटाला तीन शब्द कमी. रोज तीनच. जणू कोणी तरी तिथे भिंत बांधून ठेवली होती.

सर एक दिवस खुर्ची वळवून माझ्याशेजारी येऊन बसले, ही क्लासात मोठी गोष्ट होती. समोर उताऱ्यांची झेरॉक्स पुस्तिका, पानं पिवळी पडलेली. मी एका गावच्या सरपंचाने तहसीलला लिहिलेलं पत्र टाइप करत होते: गावातला हँडपंप चार महिन्यांपासून बंद आहे, बायका दूरच्या तळ्यावरून पाणी आणतात.

“यहाँ क्यों रुकीं?” सरांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. हँडपंप दुरुस्त झाला की नाही असा विचार मनात आला.

सरांनी चष्मा काढला. “मैडम, ये चिट्ठी मैं बीस साल से टाइप करवा रहा हूँ. हैंडपंप से आपको क्या?”

मागे बसलेल्या दोन मुली हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग एकदम फार राग आला.

“आप पढ़ती हैं,” सर म्हणाले. “पढ़ना नहीं है. आँख से उठाना है, उँगली से रखना है. बीच में आप मत आइए.”

बीच में आप मत आइए. घरी येताना बसमध्ये मी हेच घोळवत होते. लहानपणापासून ज्या एका गोष्टीसाठी मला शाबासकी मिळाली, समजून वाच, वाचलेलं मनात उतरू दे, तीच आता दोष ठरली होती. मी चांगली वाचक आहे म्हणून मला नोकरी जाण्याची भीती. याहून अपमानकारक काय असणार. शिवाय त्या उताऱ्यांची भाषा. ‘वृक्ष हमारे मित्र हैं’ या वाक्याने सुरू होऊन ‘अतः हमें वृक्ष लगाने चाहिए’ या वाक्याने संपणारे उतारे. त्यांच्यात वाचण्यासारखं काही नाही, तरी मी वाचत होते. सवय, दुसरं काय.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी बरी होते. कीबोर्ड आपापला आणायची परवानगी होती. मी माझा त्या खोळीत गुंडाळून नेला. परीक्षा सुरू होताना निरीक्षक बाईंनी खोळ बाजूला ठेवायला सांगितली, ती मी मांडीवर ठेवली. घंटा झाली. पहिला परिच्छेद पार पडला, मी कुठेही अडले नाही. दुसरा परिच्छेद सुरू झाला: शासकीय सेवा में रहते हुए कर्मचारी की असमय मृत्यु हो जाने पर उसके आश्रित परिवार को...

मी वाचलं.

किती वेळ थांबले, मला सांगता येणार नाही. मला एवढंच कळलं की आजूबाजूचा खडखडाट दूर कुठे तरी चालला आहे आणि मी आश्रित या शब्दाकडे बघत बसले आहे. मग मी पुढचं भराभर टाइप केलं, चुका करत. बाहेर आले तेव्हा ऊन चढलं होतं. सर स्वतः केंद्रावर आले होते, त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्यांसाठी. माझं तोंड बघून त्यांना कळलं. फक्त म्हणाले, “किस लाइन पर?” मी सांगितलं. “अच्छा,” ते म्हणाले, आणि त्यांनी मला उसाचा रस पाजला.

आता एकच संधी उरली होती. सासूबाईंना मी तसं सांगितलं नाही, पण त्यांना माहीत होतं. मुलीलाही. दिरांनी बदामांचा डबा कुरिअरने पाठवला. मी तो उघडलाच नाही, आणि मग सासूबाईंनी आणि मुलीने मिळून तो खाल्ला, म्हणजे त्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांची स्मरणशक्ती वाढली.

मी रोज संध्याकाळी बसायचे, आणि रोज कुठे तरी अडायचे. आता तर जास्तच, कारण प्रत्येक उतारा सुरू करताना भीती वाटायची की पुढच्या ओळीत काय निघेल. शब्दांकडे मी असं बघत होते जसं दारात आलेल्या पोस्टमनकडे बघतात. एका संध्याकाळी चौथ्यांदा तोच उतारा पहिल्यापासून सुरू केला, तेव्हा शेजारी आपला अभ्यास करत बसलेल्या मुलीचा संयम संपला. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते.

“मम्मी, आप हर बार कहानी पढ़ने लगती हो.”

“कहाणी कुठे आहे यात? हा झाडांवरचा निबंध आहे.”

“आपके लिए तो वो भी कहानी है. तो उल्टा टाइप करो ना. पीछे से. समझ में ही नहीं आएगा.”

ती वैतागून बोलली होती आणि पुन्हा आपल्या पुस्तकात गेली. मी मात्र उताऱ्याच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि उलटं टाइप करायला लागले. चाहिए लगाने वृक्ष हमें अतः. अर्थ निघून गेला. शब्द नुसते शब्द राहिले, पिशवीतून काढलेल्या बटाट्यांसारखे, एकामागून एक. पण डोळा उलट्या दिशेने नेताना ओळ सुटायची.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. त्या पलंगावर बसून मटार सोलत होत्या. “मी वाचतो एकेक शब्द. तू ऐक अन् कर.”

त्यांनी चष्मा लावला, पुस्तिका घेतली, पुढच्या उताऱ्याचं पान उघडलं, शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर मटाराची एक शेंग ठेवली आणि वाचायला लागल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. पहिल्या दिवशी वेग इतका कमी की मला दोन शब्दांच्या मध्ये डुलकी आली असती.

“का... र्या... ल... य. कार्यालय. झालं? जि... ला. जिला.”

“जिल्हा, आई.”

“इथं जिला लिहिलं आहे. तू मले शिकवू नको, तू कर टाइप.”

हे बरोबर होतं. मी पुन्हा मध्ये आले होते.

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आमची ही बैठक. मी खोळीत हात घालून, त्या पलंगावर शेंग सरकवत. हळूहळू त्यांचा वेग वाढला, आणि त्यांच्या मागे माझा. कधी कधी त्या मुद्दाम भराभर वाचायच्या आणि मी मागे पडले की म्हणायच्या, “काहून, एम. ए. झालेली ना तू?” शेजारच्या बाई एकदा डोकावल्या आणि विचारलं, हे काय चाललंय, मंत्र का? “व्हय, उलटे मंत्र,” सासूबाई म्हणाल्या. “सुनेची नोकरी पक्की व्हायले.” उतारा समजून घ्यायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. एकदा फक्त विचारलं, “यात काय सांगून राहिले? मले तर काही कळून नाही राहिलं.” मी म्हटलं, “मलाही नाही.” आम्ही दोघी हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी.

शेवटचा महिना आम्ही पुन्हा सरळ वाचलं, पण आता मला सवय झाली होती. शब्द कानातून किंवा डोळ्यांतून येई आणि बोटांतून निघून जाई, मध्ये कोणी नसे. सरांच्या क्लासात मी एक पूर्ण उतारा संपवला तेव्हा ते वर्तमानपत्रामागून काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पान उलटलं.

तिसऱ्या परीक्षेला मी मांडीवर खोळ ठेवून बसले. घंटा झाली, आणि पुन्हा घंटा झाली. मधलं मला आठवत नाही. बाहेर सासूबाई आणि मुलगी दोघीही आल्या होत्या, सोबत पाण्याची बाटली आणि पोळीची गुंडाळी.

“क्या आया था, मम्मी?”

“माहीत नाही.”

“मतलब? किस पे था?”

मी आठवून पाहिलं. खरंच माहीत नव्हतं. एक ‘तालाब’ तेवढा लक्षात होता, तोही बहुतेक दोनदा आला म्हणून.

सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. “मंग झाली पास,” म्हणाल्या आणि मला पोळी दिली.

झाले. प्रमाणपत्र आलं, ते मी ऑफिसात जमा केलं. काही दिवसांनी अट पूर्ण झाल्याचा आणि नियुक्ती कायम केल्याचा आदेश काढायचा होता. आदेश टाइप करणारे बाबू रजेवर. साहेबांच्या सहायकाने मसुदा माझ्याच टेबलावर आणून ठेवला. “दीदी, आपका ही है, आप ही कर दो. अब तो सर्टिफाइड हो.” मला चीड आली, पण केलं. एकही चूक नाही. साहेबांनी सही केली. मी एक प्रत पर्समध्ये ठेवली आणि बसने घरी आले.

सासूबाईंनी हात पुसून चष्मा लावला. कागद घेतला आणि सवयीने खालून वाचायला लागल्या, बोट शेवटच्या शब्दावर. त्या एकेक शब्द घेत वर चालल्या. समोर चहा ठेवून मी ऐकत होते आणि माझी बोटं साडीवर आपोआप हलत होती. जाती... की... कायम... नियुक्ति. त्या अर्ध्यावर आल्या, मग आणखी वर. शेवटी सर्वात वरच्या ओळीवर पोचल्या. अनुकंपा नियुक्तीच्या आदेशात तिथे नाव असतं, कोणाच्या मागे कोणाला नोकरी ते. स्वर्गीय, मग त्याचं पूर्ण नाव, आणि पुढे ‘की पत्नी’.

त्यांचं बोट तिथे थांबलं.

त्यांनी विचारलं, “हे तूच टाइप केलं?”

“हो.”

“अन् तुले दिसलं नाई?”

मी आठवून पाहिलं. ते नाव मी सकाळी अक्षर अक्षर टाइप केलं होतं, बिनचूक, आणि पुढच्या शब्दावर गेले होते.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी कागद माझ्यासमोर चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि सरळ केला.

“आता वाच,” त्या म्हणाल्या.

मी हात मांडीवर ठेवले, बोटं घट्ट मिटली, आणि पहिल्या शब्दापासून हळूहळू वाचलं.